चित्रातला रस्ता आणि शाळेचा रस्ता

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन, पुढच्या रांगेतल्या मैत्रिणींनो आणि पंचेचाळीस वर्षांनंतरही सवयीनं मागच्या बाकांवर जाऊन बसलेल्या माझ्या मित्रांनो,

मला संयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय तुझा तू ठरव म्हणाले. माझ्या आधी बोललेल्यांपैकी कुणी शाळेनं शिस्त दिली म्हणालं, कुणी इंग्रजी दिलं म्हणालं. मला इंग्रजी आलं नाही, आणि शिस्तीचं आमच्या घरच्यांना विचारा. मी एका चित्राबद्दल बोलणार आहे. ते चित्र आपल्या चित्रकलेच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या बाजूला, खिळ्याला टांगलेलं होतं. कुठल्या तरी जुन्या कॅलेंडरवरून कापून सरांनी ते काचेत बसवून घेतलं होतं.

आठवतंय का? मध्ये सरळ जाणारा एक कच्चा रस्ता, त्यात गाडीच्या चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना उंच, शेलाटी झाडं. खोडं उघडी, आणि फक्त शेंड्यावर पाल्याचा झुबका. रस्त्याच्या कडेनं पाण्याचे चर. लांब एका अंगाला चर्चचा मनोरा, दुसऱ्या अंगाला शेतातलं घर. रस्त्यावरून एक माणूस कुत्रं घेऊन आपल्याकडे चालत येतोय. त्या चित्राला इतकी वर्षं ऊन लागलं होतं की लाल-पिवळा रंग उडून गेला होता आणि सगळं निळसर झालं होतं. त्यामुळे आपली दोन गटांत भांडणं व्हायची, ही पहाट आहे की संध्याकाळ? उजव्या कोपऱ्यात वाफ्यात काहीतरी उभं होतं. ते बुजगावणं आहे, यावर मात्र दोन्ही गटांचं एकमत होतं.

आपण त्याला ‘स्टेशन रोड’ म्हणायचो. कारण आपला स्टेशनपासून शाळेपर्यंतचा रस्ता अगदी तसाच होता. फक्त त्यांची झाडं शेलाटी, आणि आपली लिंबं, चिंचा आणि दोन-चार वड. बुंध्यांवर गेरू आणि चुन्याचे पट्टे, त्यावर काळ्या रंगात नंबर. चिंचा कुणाच्या, तर लिलाव घेणाऱ्याच्या. पण खाल्ल्या कुणी, ते इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आठवीत सरांनी यथार्थदर्शन शिकवायला घेतलं. क्षितिजरेषा, लोपबिंदू असे शब्द फळ्यावर लिहिले. कुणाच्याच डोक्यात काही शिरेना. तेव्हा सरांनी सगळा वर्ग उठवला आणि रस्त्यावर नेऊन उभा केला. एक डोळा मिटा, हात लांब करून पेन्सिल उभी धरा आणि झाडं मोजा. पहिलं झाड पेन्सिलभर, पाचवं बोटाच्या दोन पेरांएवढं, अगदी शेवटचं नखाएवढं. आपल्यातलाच एकजण ओरडला, “सर, ते शेवटचं झाड लई बारकं हाय!” सर म्हणाले, “बारकं नाही रे, लांब आहे. लांबच्याला लहान समजू नको.” त्या वर्षी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी एलिमेंटरीची परीक्षा दिली. मला ‘क’ श्रेणी मिळाली. पण झाडं मोजायला मी त्या दिवशी शिकलो, आणि पुढं तेच माझ्या पोटापाण्याला आलं. कसं, ते सांगतो.

आधी त्या चित्राविषयी. ते कुणाचं, कुठलं, हे आपण शाळेत असताना कुणी विचारलं नाही. मला ते फार उशिरा कळलं. चित्रकाराचं नाव माइंडर्ट होबेमा. जन्म १६३८, ॲमस्टरडॅमचा. लहानपणीच घर मोडलं; १६५३ मध्ये त्याची आणि त्याच्या धाकट्या भावंडांची रवानगी अनाथाश्रमात झाली. पुढं तो याकोब फान राउसदाल या त्या काळच्या नामांकित निसर्गचित्रकाराच्या हाताखाली शिकला. झाडं काढण्यात होबेमाचा हात मोठा. झाडांच्या दाटीतलं एखादं झोपडं, पाणचक्की, वळत जाणारी पायवाट, पानांतून जमिनीवर सांडलेलं ऊन, निवांत चाललेली दोन-चार माणसं, अशी त्याची चित्रं. पाहणाऱ्याला वाटावं, यांच्या देशात नुसतं रानच रान असणार.

तसं ते नव्हतं. आपल्या भूगोलाच्या बाई शिकवायच्या, हॉलंडची पुष्कळशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांध घालून आणि पवनचक्क्यांनी पाणी उपसून ती राखलेली आहे. होबेमाच्या काळी तिथं जंगल फार थोडं उरलेलं होतं. जहाजांना आणि घरांना लागणारं लाकूड नॉर्वेहून आणि बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरून जहाजांनी यायचं. चुलीत लाकडाऐवजी दलदलीतून खणून वाळवलेलं पीट जळायचं. आणि अशा देशातले शहरातले लोक, व्यापारी, कारागीर, घरात टांगायला चित्रं विकत घ्यायचे ती रानाची. जे दारात नाही ते भिंतीवर.

हे वाचलं तेव्हा मला आपला जिल्हा आठवला. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठची काळीभोर जमीन. ज्वारी, कापूस, तूर, आता सोयाबीन. जंगल म्हणावं असं जिंतूरकडच्या डोंगराळ भागात थोडंफार. बाकी नजर जाईल तिथवर वावरच वावर. आणि आपल्या वर्गात चित्र कुठलं, तर झाडांचं.

आणखी एक गोष्ट. आपल्याला वाटायचं, किती शांत जग आहे हे. ते चित्र १६८९ सालचं आहे. इतिहासाच्या तासाला जागे असलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. त्याच वर्षी मार्च महिन्यात संभाजी महाराजांना औरंगजेबानं हालहाल करून मारलं. आपला सगळा मुलूख घोड्यांच्या टापांखाली होता. आणि तिकडे? हॉलंड त्या वर्षी फ्रान्सशी लढत होतं. त्याआधी १६७२ मध्ये तर त्यांच्यावर फ्रान्स आणि इंग्लंड एकदमच चालून आले होते. त्या वर्षाला ते लोक अजूनही ‘आपत्तीचं वर्ष’ म्हणतात. तेव्हा चित्रांचा बाजार असा बसला की भले भले चित्रकार कर्जात गेले. आपल्या जुन्या कागदपत्रांत या डच लोकांना ‘वलंदेज’ म्हणतात. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. म्हणजे वलंदेज आपल्याला परके नव्हते. आणि त्यांच्याकडेही सुखाचे दिवस नव्हते. ती शांतता त्या काळात होती म्हणून चित्रात आलेली नाही.

मग होबेमाचं पोट कशावर चालायचं? १६६८ मध्ये त्यानं लग्न केलं. बायको ॲमस्टरडॅमच्या एका नगरप्रमुखाच्या घरी स्वयंपाकाला होती. त्या ओळखीवर त्याला नगराची नोकरी लागली. बाहेरून येणाऱ्या दारूच्या आणि तेलाच्या पिंपांचं माप घ्यायचं, कारण त्यावर कर बसायचा. वयाच्या तिसाव्या वर्षी हा माणूस पिंपं मोजायला लागला आणि मरेपर्यंत मोजत राहिला. चित्रं फार कमी झाली. १७०९ मध्ये वारला तेव्हा हातात काही नव्हतं. गरिबांना पुरतात तसं त्याला पुरलं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि हसलो. कारण मीही सरकारी मोजणीदारच. पदविका झाली आणि रस्त्यांच्या कामावर कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. खडी मोजा, डांबराचे बॅरल मोजा, मुरुमाचे ढीग मोजा, एम.बी.त लिहा. तीस-पस्तीस वर्षं हेच केलं.

आता जे सांगायचं आहे ते सोपं नाही. पण ज्यांच्यासमोर सांगायला हवं ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून सांगतो.

अठरा वर्षांपूर्वी आपला स्टेशन रोड रुंद करायचं ठरलं. रस्ता रुंद व्हायला हवा होता, हे मी आजही म्हणतो. उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लागायला लागल्या होत्या, समोरून एसटी आली की एकाला खाली उतरावं लागायचं. अपघात झाले होते. त्यातल्या एकात आपल्या वर्गातलं एक घर उघडं पडलं. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तर काम मंजूर झालं, आणि तोडायच्या झाडांची यादी करायला कोण आलं? मी. माझ्याच शाळेच्या रस्त्यावर, हातात टेप आणि वही घेऊन.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. त्याला दोन माणसं लागतात, एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं फिरून यायचं. त्या सकाळी माझ्याबरोबरचा मजूर आला नाही. मी एकटाच एका चिंचेला टेप गुंडाळायची धडपड करत होतो. मागून आवाज आला, “धर, मी धरतो टोक.” वळून पाहिलं तर आपले चित्रकलेचे सर. निवृत्त झाले होते, सकाळचं फिरायला निघाले होते.

मी म्हणालो, “सर, राहू द्या, मी करतो.”

“धर म्हणलं ना.”

सरांनी टोक धरलं. मी बुंध्याभोवती फिरून आलो, आकडा वाचला, लिहिला. मग पुढचं झाड. असं करत आम्ही स्टेशनकडून शाळेकडे येत गेलो. सर एक शब्द बोलले नाहीत. शाळेच्या फाटकाशी शेवटचं लिंब झालं. सरांनी विचारलं, “किती झाली?”

“सत्तेचाळीस, सर.”

“अन् लावायची किती?”

“ते कंत्राटात असतं, सर. ठेकेदार लावतो.”

“ते नाही विचारलं. तू किती लावणार?”

मी काहीतरी बोललो. काय बोललो, ते आठवत नाही. सर मान हलवून निघून गेले.

झाडं तुटली. रस्ता झाला, चांगला झाला. रोपंही लागली, कागदावर नाही, खरंच लागली, मी स्वतः मोजली. लोखंडी जाळ्या लावल्या. पहिल्या उन्हाळ्यात टँकर आला. दुसऱ्या उन्हाळ्यात आला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात जाळ्या तेवढ्या उरल्या, आणि मग त्याही नेल्या कुणीतरी. तोवर माझी बदली झाली होती. त्या रस्त्यानं आलो की मी गाडीची काच वर करायचो. ऊन लागतं म्हणून, असं घरच्यांना सांगायचो.

निवृत्त झालो आणि लेकीकडे लंडनला गेलो. तिनं एक दिवस मला तिथल्या नॅशनल गॅलरीत नेलं. तिकीट नाही, कुणीही जावं आणि पाहावं. मला चित्रातलं फार काही कळत नाही. पाय दुखायला लागले होते, बाकडं शोधत होतो. आणि एका दालनात समोर आपला स्टेशन रोड.

खरं सांगतो, मी मोठ्यानं म्हणालो, “अरे!” पहारेकऱ्यानं वळून पाहिलं.

सुमारे साडेतीन फूट उंच, साडेचार फूट रुंद. ‘मिडलहार्निसचा झाडांचा रस्ता’ असं नाव. मिडलहार्निस हे दक्षिण हॉलंडमधल्या एका बेटावरचं गाव. १८७१ मध्ये इंग्लंडच्या एका माजी पंतप्रधानांच्या, रॉबर्ट पील यांच्या संग्रहाबरोबर हे चित्र गॅलरीनं विकत घेतलं. आपल्याकडे सगळं निळं झालं होतं. इथं हिरवं हिरवं होतं, रस्ता मातकट होता, ढग पांढरेशुभ्र होते. चित्राचा केवढा तरी भाग नुसता आभाळाचा. ना पहाट, ना संध्याकाळ. भर दिवस होता. दोन्ही गट हरले.

मग मी उजव्या कोपऱ्यात पाहिलं. ते बुजगावणं नव्हतं, तो माणूस होता. वाफ्यात रोपं लावलेली आहेत, आणि तो त्यांची निगा राखतोय. ज्याला आपण सगळ्यांनी एकमतानं बुजगावणं ठरवलं होतं, तो त्या चित्रातला कामाला लागलेला माणूस होता.

मी बाकड्यावर बसलो आणि मला आपल्या रस्त्यावरचा मैलकुली मामा आठवला. आठवतो? डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर कावड. नव्या रोपांना बोराटीच्या काट्या लावायचा, पाणी घालायचा, दिवाळीच्या आधी बुंध्यांना गेरू-चुना द्यायचा. आपण चिंचांना दगड मारले की मागं पळायचा. आपल्याला वाटायचं, तो चिंचा राखतोय. तो झाडं राखत होता. त्याच्या जागेवर नंतर माणूस भरला नाही. माझ्या एम.बी.त सत्तेचाळीस झाडांचा घेर आहे, त्याचं नाव कुठेच नाही.

परत आल्यावर मी त्या चित्राबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातल्या दोन गोष्टी सांगतो आणि संपवतो.

पहिली. चित्रावर जी तारीख आहे तिच्यातला तिसरा आकडा पुसट आहे. त्यामुळे १६६९ की १६८९, यावर जाणकारांचा मोठा वाद झाला. आणि निकालाला एक पुरावा उपयोगी पडला तो झाडांचाच. ती झाडं १६६४ मध्ये लावलेली. पाच वर्षांत एवढी उंच होणार नाहीत. पंचवीस वर्षांत होतील. म्हणजे १६८९. चित्रकाराच्या सहीनं जे सांगितलं नाही ते झाडांच्या उंचीनं सांगितलं. मला यातला पंचवीसचा आकडा महत्त्वाचा वाटला. आपण ज्याला रानातली शांतता समजून वर्गात बघत बसायचो, ते रान नव्हतंच. कुणीतरी लावलेली, खालच्या फांद्या छाटलेली, चर खणून पाणी काढून दिलेली, पंचवीस वर्षं सांभाळलेली झाडं होती. तेवढी वर्षं कुणीतरी रोज उठून काम केलं, म्हणून चित्रकाराला ती शांतता दिसली.

दुसरी. क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा दिसलं की होबेमानं रस्त्याच्या दोन बाजूंना अगदी पुढं आणखी एकेक झाड काढलं होतं. मग रस्ता मोकळा वाटेना म्हणून त्यानं ती दोन्ही झाडं रंगाखाली झाकून टाकली. म्हणजे रस्ता मोकळा करायला त्यानंही दोन झाडं तोडली! हे वाचून माझ्यातल्या अभियंत्याला जरा बरं वाटलं. पण फार वेळ नाही. त्याला ब्रश पुरला, आणि त्याच्या मागं राहिलेल्या झाडांचा रस्ता लोक साडेतीनशे वर्षं होत आली तरी बघताहेत. माझ्या मागं काय राहिलं, ते तुम्ही आज येताना पाहिलंत. बारा वाजता स्टेशनवरून शाळेत येईपर्यंत एकालाही सावलीत थांबता आलं नसेल.

सर, तुम्ही समोर आहात. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही मला एक आकडा विचारला होता. मी तो दिला नाही. आज देतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आपल्या शाळेच्या फाटकापासून स्टेशनच्या बाजूला बत्तीस रोपं लावली. लिंब, चिंच आणि वड. दुसरं काही नाही. रस्त्याच्या हद्दीच्या आत, पुन्हा रुंदीकरण झालं तरी आड येणार नाहीत अशा अंतरावर; एवढं मोजायला मला येतं. नववीची मुलं, शाळेचे शिपाई आणि मी, असे आम्ही पाणी घालतो. बत्तीसपैकी पंचवीस जगली. दोन शेळ्यांनी खाल्ली, एक ट्रॉलीखाली गेलं, चार वाळली. वाळलेली चार माझ्या वाट्याची. त्या आठवड्यात मी परभणीला लग्नाला गेलो होतो. एप्रिलमधला एक आठवडा पुरतो.

लिंबाला तीन उन्हाळे काढून दिले की ते आपलं आपण उभं राहतं. दोन झाले. हा तिसरा. म्हणून तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. देणगी नको, फलक नको, झाडाला कुणाचं नाव नको. जे गावात किंवा जवळपास राहतात त्यांनी मार्च ते जून आठवड्यातला एक दिवस वाटून घ्या. सकाळी सहा वाजता, दोन बादल्या, अर्धा तास. जे पुण्याला, मुंबईला, परदेशात आहेत त्यांनी त्या दिवशी गावातल्या आपल्या मित्राला फोन करून विचारायचं, “पाणी घातलं का रे?” एवढं काम लांबून होतं. जेवणाच्या मंडपात दाराजवळ वही ठेवली आहे. सोमवार आणि गुरुवार रिकामे आहेत.

आणि सर, त्या सात जागा येत्या जूनमध्ये भरायच्या आहेत. खड्ड्यांतलं अंतर मोजायचं आहे. टेपचं एक टोक धरायला तुम्ही या. या खेपेला फिरून यायचं काम मजूर आला नाही म्हणून नव्हे, आवडीनं करतो.